निधनवार्तेत राहून गेलेली ओळ

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात आपल्या दैनिकात आमच्या वन्संच्या निधनाची बातमी चार ओळींत छापून आली. मजकूर मीच दिला होता. वैकुंठ स्मशानभूमीतून परत आल्यावर सगळ्यांच्या अंघोळी झाल्या, शेजारणीने पिठलंभात आणून ठेवला, आणि मी धाकट्या मुलाला घेऊन रिक्षाने आपल्या कार्यालयात आले. खिडकीत बसलेल्या मुलाने फार अदबीने विचारलं. नाव, वय, राहणार कुठे, कोणाच्या पत्नी, मागे कोण कोण. मी सांगत गेले, तो लिहीत गेला. दुसऱ्या दिवशी छापून आलं ते असं, की अमुक यांच्या पत्नी तमुक (वय ८१) यांचे वृद्धापकाळाने निधन झाले; त्यांच्यामागे भाऊ, बहीण, भावजय, भाचे, नातवंडे असा परिवार आहे. नाव बरोबर, वय बरोबर, ऱ्हस्व-दीर्घसुद्धा बरोबर.

दहाव्याच्या दिवशी वन्संना सांभाळायला येणारी ब्युरोची ताई भेटायला आली. तिने ते कात्रण नीट वाचलं आणि मला विचारलं, "काकू, मावशी नोकरीला होत्या ना? इथं तर काहीच नाही त्यातलं." ही ताई आमच्याकडे दोन वर्षं होती. वन्सं पलंगाला खिळल्यानंतरच तिने त्यांना पाहिलेलं. तिच्या लक्षात आलं आणि त्यांच्याबरोबर चव्वेचाळीस वर्षं काढलेल्या मला ते सांगायचं सुचलं नाही. त्या दिवसापासून मला झोप नीट लागत नाही. म्हणून हे पत्र.

वन्संचं नाव मी इथे पुन्हा लिहीत नाही. स्वतःचं नाव चारचौघांत झालेलं त्यांना आवडत नसे. घरात त्या सगळ्यांच्या ताई. मी त्यांच्या धाकट्या भावाची बायको, म्हणून मला वन्सं.

१२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा त्या सतरा वर्षांच्या होत्या, नुकत्याच मॅट्रिक झालेल्या. शनिवार पेठेत, ओंकारेश्वराच्या बाजूला, वाड्यात दोन खोल्या आणि रस्त्याकडेला सासऱ्यांचं बाइंडिंगचं दुकान. जून-जुलै म्हणजे शाळांचा हंगाम, गिऱ्हाइकांची पुस्तकं बांधणीला येऊन पडलेली. माणसं वेळेत वर पळाली म्हणून वाचली. पाणी ओसरल्यावर दुकानात गेले तर पुस्तकं फुगून फळ्यांमध्ये अशी घट्ट बसली होती की फळ्या तोडूनच बाहेर काढावी लागली. खळीचा आंबलेला वास वन्संच्या नाकातून शेवटपर्यंत गेला नाही. पावसाळ्यात घरात कुठे दमट वास आला की त्या उठून खिडक्या उघडत. सासरे मात्र त्या दिवसांत पेठेत घरोघर जाऊन ज्यांची पुस्तकं होती त्यांची माफी मागत हिंडले. त्यांतल्या कित्येकांची स्वतःचीच घरं वाहून गेलेली. पुढे पूरग्रस्तांना दिलेल्या जागेत, इथे गोखलेनगरला, हे कुटुंब आलं. दुकान काही पुन्हा उभं राहिलं नाही. १९६३ साली सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली. तेव्हा आमचे हे नऊ वर्षांचे होते आणि मधली नणंद पंधरा.

१९६४ मध्ये वन्सं टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागल्या.

आजच्या मुलांना ट्रंक कॉल म्हणजे काय हे समजावून सांगावं लागतं. परगावी फोन करायचा तर आधी १८० नंबर फिरवून नोंदवायचा. मग घरातलं एक माणूस फोनपाशी बसून राहायचं, कधी तासभर, कधी अख्खा दिवस. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग असे प्रकार. एखाद्या ठरावीक माणसाशीच बोलायचं असेल तर पी.पी. कॉल. आणि मध्ये बसलेली ही बाई. समोर उभा बोर्ड, त्यात भोकांच्या रांगाच रांगा, भोकाशी बारीकसा दिवा, खाली टेबलावर दोऱ्यांच्या जोड्या आणि दोरीच्या टोकाला प्लग. दिवा लागला की दोरी घालायची, गाव विचारायचं, तिकिटावर वेळ आणि नंबर लिहायचा, त्या गावच्या ऑपरेटरला हाक मारायची, लाईन मिळाली की दोन्ही टोकं जोडायची आणि घड्याळाकडे बघायचं. तीन मिनिटं झाली की सांगायचं. कानावर हेडफोन सतत असल्यामुळे वन्संच्या केसांत उजव्या कानाच्या वर एक आडवी खाच पडली होती. नोकरी सुटल्यावरसुद्धा ती बुजली नाही. मी त्यांना न्हाऊ घालायची तेव्हा ती बोटाला लागायची.

मी एकदा त्यांना विचारलं होतं, की पलीकडे कोणी रडत असेल, घरात कोणी गेल्याचं कळत असेल, तर "तीन मिनिटं झाली" असं सांगताना जीभ कशी उचलते? त्या म्हणाल्या, "अगं, न सांगून कसं चालेल? पैसे त्याचेच जातात. रडणाऱ्या माणसाला वेळेचं भान नसतं, म्हणून तर ते आपण ठेवायचं." पुढे सासूबाईंच्या आजारपणात मला त्या वाक्याचा फार उपयोग झाला.

११ डिसेंबर १९६७ ला पहाटे सव्वाचारनंतर कोयनेचा भूकंप झाला तेव्हा पुण्यातही भांडी वाजली, माणसं घाबरून रस्त्यावर आली. वन्संची सकाळची ड्यूटी होती. त्यांनी सासऱ्यांची कूस बदलली, त्यांना चहा पाजला, सासूबाईंच्या हवाली केलं आणि अंधारातच सायकल काढली. वेळेच्या कितीतरी आधी त्या एक्स्चेंजमध्ये पोचल्या, तर सगळा बोर्ड पेटलेला. प्रत्येकाला कराड हवं होतं, सातारा हवा होता, चिपळूण हवं होतं. त्या दिशेच्या लाइनी कुठे लागत होत्या, कुठे नव्हत्या. त्यांनी कोल्हापूरला हाक मारली. "कोल्हापूर आहे का? कोल्हापूर?" बराच वेळ नुसती खरखर. मग एक आवाज आला, "आहे, आहे. घाबरू नका. बोला पुणे."

ते भाऊजी. पुढे आमच्या वन्संचे यजमान झालेले.

ऑपरेटर एकमेकांना गावाच्या नावाने हाक मारत. या पुणे, ते कोल्हापूर. ड्यूटीवर खाजगी बोलायला सक्त मनाई, पाठीमागे सुपरवायझर फिरत असायची. त्यामुळे चार वर्षं या दोघांचं बोलणं "बोला पुणे" आणि "लाईन द्या कोल्हापूर" एवढंच. पण त्यातही सगळं कळायचं असं भाऊजी म्हणायचे. सासऱ्यांना रात्री त्रास झाला असेल तर सकाळी "कोल्हापूर" म्हणतानाचा आवाज वेगळा यायचा. मग ते कॉल लावता लावता हळूच विचारायचे, "पुणे, जेवलासा का?" आणि त्या "हो" म्हणायच्या. १९७१ मध्ये रजा काढून ते एस.टी.ने पुण्याला आले. ड्यूटी सुटायच्या वेळेला फाटकाशी उभे राहिले. बायकांचा घोळका बाहेर पडला, सगळ्या अनोळखी. कुणाला काय विचारणार? शेवटी त्यांनी मोठ्याने नुसतं म्हटलं, "पुणे?" आणि वन्सं सायकल हातात धरून वळल्या.

ही गोष्ट भाऊजींनी मला इतक्या वेळा सांगितली आहे की मी तिथे नव्हते हे मला खरं वाटत नाही.

लग्न १९७८ साली झालं. मधली सात वर्षं का गेली हेही लिहिते. जात वेगळी होती, त्यावरून घरात बोलणी झाली. पण आमचे हे आता मोकळेपणाने सांगतात, की खरी अडचण जातीची नव्हती, पगाराची होती. मधल्या नणंदेचं लग्न, यांचा डिप्लोमा, सासऱ्यांची औषधं हे सगळं त्या पगारावर चाललेलं. ताई गेली तर घर बसेल हे प्रत्येकाला माहीत होतं, म्हणून जातीचं नाव पुढे केलं गेलं. वन्संनी भांडण काढलं नाही. भाऊजींना स्पष्ट सांगितलं, की धाकटा भाऊ नोकरीला लागला की मी मोकळी, थांबायचं तर थांबा, नाहीतर माझा राग नाही. ते थांबले, बदलीसाठी अर्ज करत राहिले. सासरे १९७५ साली गेले, हे १९७७ ला एका कारखान्यात लागले, भाऊजींची पुण्याला बदली झाली, आणि दोघांनी रजिस्टर लग्न केलं. वन्सं तेव्हा चौतीस वर्षांच्या होत्या. मूल झालं नाही. त्याबद्दल नातेवाइकांत जे बोललं गेलं ते इथे लिहायची माझी इच्छा नाही.

सासऱ्यांची बारा वर्षं मी पाहिलेली नाहीत, सासूबाईंकडून ऐकलेली आहेत. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. गजराचं घड्याळ वन्सं टॉवेलमध्ये गुंडाळून उशीखाली ठेवत, म्हणजे त्यांना ऐकू येईल पण भावंडं उठणार नाहीत. कूस बदलली की पाठ, कंबर, टाचा हाताने चाचपून बघायच्या, कुठे लाल झालंय का, कातडी गरम लागतेय का. चादरीला सुरकुती ठेवायची नाही. अंग पुसून कोरडं करायचं, मगच पावडर. बारा वर्षांत त्या माणसाच्या पाठीला एकदाही जखम झाली नाही. पेठेतल्या एक दूरच्या आत्या येऊन म्हणाल्या होत्या, की वयात आलेल्या मुलीने बापाचं अंग पुसायचं म्हणजे काय. वन्संनी उत्तर दिलं नाही. आत्यांना बाहेर बसवलं, दार लावून घेतलं आणि राहिलेलं अंग पुसून काढलं.

मी १९८१ ला या घरात आले. बारावी पास होते. लग्नानंतर पहिल्याच दिवाळीला वन्संनी विचारलं, "पुढे काय करायचंय?" असं मला तोवर कोणी विचारलंच नव्हतं. माहेरी लग्न करायचं होतं, ते झालं होतं. मी चाचरत म्हटलं, शिक्षिका. जूनमध्ये त्या स्वतः मला डी.एड.च्या प्रवेशाला घेऊन गेल्या आणि दोन्ही वर्षांची फी भरली. थोरला तेव्हा पोटात होता. परीक्षेच्या दिवसांत त्या दुपारची ड्यूटी घेत आणि सकाळी आमच्याकडे येऊन त्याला सांभाळत. मी महानगरपालिकेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. आज मला पेन्शन येते. ती बँकेतून काढताना मला नेहमी त्या फीच्या पावत्या आठवतात. त्यांनी त्या जपून ठेवल्या नव्हत्या. मी ठेवल्या आहेत.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते लिहिते. १९९८ साली सासूबाई मोरीत घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं पण त्या काही उभ्या राहिल्या नाहीत. चौदा महिने अंथरुणावर होत्या. पहिला आठवडा जसा सगळ्या घरांत जातो तसा गेला. मी शाळेत अर्ज टाकून रजा घेतली आणि रात्रंदिवस एकटीच. मी खरोखर असं धरून चालले होते की हे माझंच काम आहे. रविवारी वन्सं आल्या, त्यांनी मला पाहिलं आणि काही न बोलता थोरल्याच्या वहीतला चौकटीचा कागद मागितला. निळ्या-लाल पेन्सिलीने त्यावर तीन रकाने आखले. सहा ते दोन, दोन ते दहा, दहा ते सहा. आठवड्याचे सात वार. आणि नावं लिहिली. माझं, त्यांचं, भाऊजींचं, यांचं, आणि सोळा वर्षांच्या थोरल्याचंही. एक्स्चेंजच्या ड्यूटी चार्टसारखा चार्ट. स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवला.

हे भडकले. मला जमणार नाही म्हणाले, आईचं मी कसं करणार, कामावरून दमून येतो. वन्सं शांतपणे म्हणाल्या, "अण्णांच्या वेळी तू नऊ वर्षांचा होतास म्हणून तुला सोडला. आता तू चव्वेचाळीस वर्षांचा आहेस." मग आम्हा सगळ्यांना बसवून त्यांनी दोन नियम सांगितले. रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचं माणूस, आल्याशिवाय बोर्ड सोडायचा नाही. आणि रिलीव्हर आला की बसून राहायचं नाही, उठायचं, हात धुवायचे आणि निघायचं.

दुसरा नियम मला फार जड गेला. हे आईपाशी बसले असताना मी दाराआड उभी राहून बघायची, चमचा नीट धरतात का, पाणी जास्त तर पाजत नाहीत ना. वन्संनी मला दोनदा पकडलं आणि दंडाला धरून बाहेर नेलं, एकदा तर थेट चतुःशृंगीच्या पायऱ्यांपर्यंत. "तुझी पाळी संपली. तू इथे थांबलीस तर तो कधीच शिकणार नाही." खरं होतं. महिन्याभरात हे कूस बदलायला शिकले, भांडं द्यायला शिकले. पुढे सासूबाईंची वेणी घालायलाही शिकले. सुरुवातीला ती मानेपाशीच सुटायची. मग त्या म्हणायला लागल्या की माझी वेणी यालाच घालू दे, याचा हात हलका आहे. मुलाच्या हातून वेणी घालून घेताना त्या डोळे मिटून बसत. तो चार्ट नसता तर त्या दोघांना हे सुख मिळालं नसतं.

चार्टवर जमेल असं ज्यांच्याकडे माणूसबळच नाही त्यांचं काय, असा प्रश्न मला अनेक जणी विचारतात. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण घरात धडधाकट पुरुष असताना "त्यांना जमत नाही" म्हणणाऱ्या घरांना मी हा चार्ट गेली पंचवीस वर्षं आखून देते आहे. गोखलेनगरात निदान सहा-सात दारांवर तो लागून गेला. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत आलं आहे, की घरकाम करणारी बाई त्या बिनपगारी कामाला दिवसाला २८९ मिनिटं देते आणि घरकाम करणारा पुरुष ८८. वन्संनी हे आकडे पाहिले असते तर लगेच पेन्सिल मागितली असती.

नोकरीत पुढे एस.टी.डी. आलं, लोक स्वतःच नंबर फिरवायला लागले, बोर्डाशी बसणाऱ्या बायका कमी कमी होत गेल्या. वन्संना शेवटी चौकशीवर, १९७ ला, टाकलं होतं. १ ऑक्टोबर २००० ला खात्याचं बीएसएनएल झालं, आणि २००४ मध्ये त्या निवृत्त झाल्या. भाऊजी २००९ ला हृदयविकाराने गेले, झोपेतच. २०१३ च्या जुलैत तारसेवा बंद झाली तेव्हा वन्सं आमच्याकडेच राहायला होत्या. तुमच्या पेपरातली ती बातमी त्यांनी दोनदा वाचली आणि म्हणाल्या, तारेवाल्या मुलांना पाऊस फार लागायचा.

२०१७ पासून त्यांना विसर पडायला लागला. आधी गॅस, मग किल्ल्या, मग माणसं. मला त्या कधी आई म्हणत, कधी सुपरवायझर. शेवटच्या तीन वर्षांत बहुतेक सगळं गेलं, पण बोर्ड गेला नाही. पहाटे जाग आली की गोधडीच्या काठाचा दोरा ओढून काढायच्या आणि पलंगाच्या उशाकडच्या वेताच्या जाळीत, एकेका भोकात, घालत बसायच्या. मान किंचित उजवीकडे कललेली. मध्येच थांबून म्हणायच्या, "थांबा, लाईन देते." मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा गोधडी काढून घेतली, उसवून जाईल म्हणून. त्या इतक्या कासावीस झाल्या की मी परत आणून दिली आणि दुपारी मंडईतून दोऱ्याचं मोठं रीळ आणलं. मग रोज रात्री गोधडीच्या काठाला नवे दोरे ओवून ठेवायचे, सुटे, ओढले की येतील असे.

जेवायच्या वेळी दात घट्ट मिटून घेत. डॉक्टर म्हणाले, नळीने द्यावं लागेल. एका सकाळी मला काय सुचलं कोण जाणे, मी चमचा खाली ठेवला आणि म्हटलं, "पुणे, बोला की." त्यांनी लगेच मान वळवली. "बोला कोल्हापूर." तोंड उघडलं तसा मी मेतकूट-भाताचा घास दिला. त्या दिवसापासून दोन वर्षं हे असंच. ताईला मी शिकवलं, यांना शिकवलं, नातीलाही शिकवलं. "पुणे, जेवलासा का?" म्हटलं की हसायच्यासुद्धा. नळी लागली नाही.

गेल्या त्या दुपारी मी आतल्या खोलीत झोपले होते. रात्रीची पाळी माझी होती, सकाळी ताई आली, मी हात धुतले आणि गेले. अडीच वाजता ताईने हाक मारली, मी येईपर्यंत संपलं होतं. लोक मला विचारतात, शेवटच्या क्षणी तुम्ही जवळ नव्हता याचं वाईट वाटत असेल. वाईट वाटतं. पण रिलीव्हर आल्यावर मी उठले होते, आणि बोर्डाशी माणूस होतं. वन्संना हे पटलं असतं. त्या ताईचंही नाव आपल्या चार ओळींत नाही आणि "परिवारात" ती बसत नाही. ती संध्याकाळी आमच्याकडून सुटून घरी जाऊन स्वतःच्या सासूचं करते.

या पत्राला बसण्याआधी मी रद्दीतले महिनाभराचे अंक काढून निधनवार्ता वाचल्या. पुरुषांच्या नावाआधी निवृत्त अभियंता, माजी मुख्याध्यापक, प्रसिद्ध व्यापारी असं येतं. बायकांच्या बाबतीत पत्नी, मातोश्री, आणि स्वभाव मनमिळाऊ होता. क्वचित एखादीची नोकरी येते. यात आपल्या खिडकीतल्या त्या मुलाचा दोष नाही. त्याने विचारलं नाही हे खरं, पण मी तर जन्मभर त्यांच्याच पगाराच्या आणि शिकवणुकीच्या जोरावर उभी राहिलेली बाई आहे, शिक्षिका आहे, आणि "कोणाच्या पत्नी" म्हटल्यावर मी निमूट नाव सांगून मोकळी झाले. माझ्यासारख्याच बाकीच्याही त्या खिडकीशी येत असणार. घरात नुकताच मृत्यू झालेला असतो, डोकं चालत नाही, विचारतील तेवढंच सांगितलं जातं. म्हणून आपल्याला विनंती अशी, की त्या अर्जात एक रकाना वाढवा. "त्या काय काम करत?" एवढाच. जिने नोकरी केली नाही तिच्याबद्दलही विचारा. कोणी चाळीस वर्षं खानावळीचे डबे दिलेले असतात, कोणी सासूची दहा वर्षं काढलेली असतात. विचारलं की घरचे आठवतील. कदाचित त्या खिडकीशी उभं राहून पहिल्यांदाच आठवतील.

आणि दुसरी विनंती आमच्या बातमीच्या दुरुस्तीची. महिना उलटून गेला आहे, अशी दुरुस्ती छापण्याची पद्धत नसेल, हे मी जाणते. जाहिरातीचे पैसे भरावे लागले तरी भरीन. नाव आपल्या दप्तरी आहेच. मजकूर असा :

गोखलेनगर : टेलिफोन खात्यात व पुढे बीएसएनएलमध्ये १९६४ ते २००४ अशी चाळीस वर्षे ऑपरेटर असलेल्या, अर्धांगवायू झालेल्या वडिलांची बारा वर्षे व आईची चौदा महिने शुश्रूषा केलेल्या, धाकट्या भावंडांचे आणि भावजयीचे शिक्षण आपल्या पगारातून केलेल्या श्रीमती ... यांचे वयाच्या ८१ व्या वर्षी निधन झाले. कोल्हापूर एक्स्चेंजचे ऑपरेटर कै. ... हे त्यांचे पती. अखेरची दोन वर्षे त्यांची देखभाल करणाऱ्या ताई, भाऊ, बहीण, भावजय, भाचे, नातवंडे असा परिवार आहे.

ओळी जास्त झाल्या तर भाऊ, भावजय, भाचे हे शब्द गाळावेत. बाकीचं ठेवावं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
गोखलेनगर, पुणे १६